क्षार काढलेला ब्रॉथ

प्रयोगशाळेत तिला सगळे 'तराजू' म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. चिमूटभर पावडर तोलायची असली तरी ती काट्यासमोर श्वास रोखून उभी राहायची, आणि शेजारी कुणी शिंकलं तर त्याच्याकडे अशी बघायची की बिचारा पुढची शिंक गिळून टाकायचा. घरी मात्र ती थोरली जाऊ होती. ही गोष्ट त्या नात्याची आहे, म्हणून आपणही तिला थोरलीच म्हणू.

थोरली मनानं वाईट नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं ती जे वागली ते ऐकून तुम्ही तिला नावं ठेवणार, आणि ठेवायलाच हवीत. पण शेजारच्या इमारतीतली म्हातारी आजारी पडली तर तिला दोन वेळचं सूप पोचवणारी हीच, आणि प्रयोगशाळेत कुणाचं यंत्र बिघडलं तर आपलं काम बाजूला ठेवून हात घालणारीही हीच. खोड एकच. दुसऱ्याचं कौतुक झालं की तिच्या पोटात दुखायचं. खरोखरीचं दुखायचं, डाव्या बरगडीखाली. तिच्या नवऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. ओळखीतल्या कुणाच्या बढतीची बातमी असली की तो आधी तिचं जेवण होऊ द्यायचा आणि मग हळूच विषय काढायचा.

धाकट्या जावेला प्रयोगशाळेत आणली ती थोरलीनंच. धाकटी तेव्हा एका डेअरीत दूध तपासायच्या कामावर होती आणि त्या कामाला विटली होती. प्रयोगशाळेत एक तात्पुरती जागा निघाली, थोरलीनं प्रमुखबाईंच्या कानावर घातलं, आणि धाकटी आली. दोघी एकाच इमारतीत राहायच्या, थोरली खाली, धाकटी सासूबाईंसकट वर. सकाळी एकत्र निघायच्या, संध्याकाळी एकत्र परतायच्या. पहिलं वर्ष तर थोरलीच्या आयुष्यातलं सुखाचं वर्ष म्हणावं असं गेलं. कारण धाकटी सारखी विचारायची. "ताई, हे नळीत आधी टाकू की नंतर?" "ताई, ह्याचा वास असाच येतो ना?" "ताई, जरा बघतेस?" दिवसभर ताई, ताई. थोरली वरकरणी वैतागायची. "अगं, तुला किती वेळा सांगू?" असं म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायची. तराजू हसते, हे लोकांना त्या वर्षी कळलं.

आता ह्या दोघी करायच्या काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं भांडण कशावरून ते कळायचं नाही.

बेडकाच्या कातडीत, माणसाच्या अश्रूंत, मातीतल्या बारीकसारीक जीवांत प्रथिनांचे छोटे तुकडे असतात. त्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यांतले काही जंतूंना मारतात. जंतूच्या बाहेरच्या कवचावर ऋण विद्युतभार असतो, पेप्टाइडवर बहुधा धन. त्यामुळे पेप्टाइड जंतूकडे ओढलं जातं, कवचाला चिकटतं, त्याला भोकं पाडतं, आणि जंतूचा कारभार आटोपतो. ऐकायला किती सोपं. घोळ होतो तो क्षारांचा. कॅल्शियम, मॅग्नेशियम, साधं मीठ, हे पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभार असलेले सुटे कण होतात, म्हणजे आयन. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयनही धन भाराचेच, वर आकारानं चिमुकले आणि चिवट. ते आधीच जंतूच्या कवचावर जाऊन बसलेले असतात, कोटाला बटणं लावावीत तसं कवच घट्ट धरून. पेप्टाइड बिचारं दारात जातं तर जागा भरलेली. म्हणून स्वच्छ पाण्यात जंतूंचा फडशा पाडणारी कितीतरी पेप्टाइडं रक्तात किंवा जखमेतून पाझरणाऱ्या पाण्यात गेली की लुळी पडतात. शरीरात क्षार असणारच. ते काढून टाकता येत नाहीत.

थोरलीचं पेप्टाइड असंच होतं. बेडकाच्या कातडीतल्या एका पेप्टाइडवरून तिनं ते बेतलं होतं आणि वर्षानुवर्षं ती त्यात फेरबदल करत होती. साखळीतली इथली कडी बदल, तिथं एक वाढव. क्षारविरहित पाण्यात ते असं काही चालायचं की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. थोडे क्षार घातले की निम्मं. शरीराइतके घातले की जवळजवळ शून्य. दर फेरबदलाला तिला वाटायचं, आता जमलं. दर वेळी क्षार मध्ये यायचे. तिनं कधी तक्रार केली नाही. पण हे काम म्हणजे तिचं सगळं होतं, आणि ते तिला यश देत नव्हतं, हे खरंच.

आणि अशात धाकटीला यश आलं. तेही पहिल्या झटक्यात!

मातीतल्या एका जीवाचं पेप्टाइड तिच्या वाट्याला आलं होतं, कुणालाच नको होतं म्हणून. विचित्रच होतं ते. धन भार सोडा, त्याच्यावर उलट ऋण भार होता आणि मागं चरबीची शेपटी. असलं पेप्टाइड जंतूकडे जाईलच कशाला, असं म्हणून सगळ्यांनी नाक मुरडलं होतं. धाकटीनं फारसा विचार न करता बाजारात मिळणारा तयार ब्रॉथ घेतला. ब्रॉथ म्हणजे जंतूंना वाढायला द्यायचं पातळ खाद्य. खळग्याखळग्यांच्या प्लेटमध्ये तिनं ब्रॉथ भरला, जंतू सोडले, पेप्टाइड घातलं आणि प्लेट उबेच्या कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळे खळगे नितळ. जंतू वाढले की ब्रॉथ गढूळ होतो; नितळ म्हणजे जंतू मेले.

प्रमुखबाई जातीनं येऊन प्लेट उजेडाकडे धरून बघून गेल्या. आजूबाजूची मंडळी गोळा झाली. शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला, जो कशालाच चांगलं म्हणत नसे, तोसुद्धा म्हणाला, "हे भारी आहे हं." धाकटीचा चेहरा लालेलाल झाला. ती गर्दीतून वाट काढत थोरलीपाशी आली आणि तिच्या गळ्यात पडली.

"ताई, तू शिकवलंस म्हणून!"

थोरली म्हणाली, "अगं, वेडी का तू," आणि तिच्या पाठीवर थोपटलं. डाव्या बरगडीखाली कळ उठली होती.

मत्सर ही चीज फार मेहनती असते. ती सुट्टी घेत नाही. त्या दिवसापासून थोरलीला धाकटीचं सगळं खुपायला लागलं. तिचं हसणं मोठं वाटायला लागलं. ती नळ्या धुते ते घाईघाईनं, असं दिसायला लागलं. उबेच्या कपाटात धाकटीच्या प्लेटा मधल्या खणात आणि आपल्या खालच्या, हे तिच्या लक्षात आलं. त्या गेली कित्येक वर्षं खालच्याच खणात होत्या आणि तो खण तिनं स्वतःच निवडला होता, पण मत्सराला असले तपशील कुठे लागतात. रविवारी सगळे खाली जेवायला जमले तेव्हा सासूबाईंनी कौतुकाचे पूल बांधले.

"माझी धाकटी म्हणजे बघता बघता शास्त्रज्ञ झाली गं! आणि थोरले, तू किती वर्षं झटते आहेस तिथं?"

सासूबाईंनी हे भोळेपणानं विचारलं की मुद्दाम, ते त्यांनाच माहीत. नवऱ्यानं पटकन भाताचं पातेलं पुढं केलं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "झटते आहे की," ती म्हणाली, "कुणाला पटकन मिळतं, कुणाला झटावं लागतं."

"ताईचं पेप्टाइड माझ्याहून कितीतरी अवघड आहे, आई," धाकटी म्हणाली. "माझं म्हणजे नुसतं नशीब."

हेच तर थोरलीला सहन व्हायचं नाही. धाकटी उर्मट असती, तोरा मिरवणारी असती, तर तिच्यावर चिडायला काहीतरी निमित्त मिळालं असतं. ती होती गोड. गोड माणसाचा मत्सर करायचा म्हणजे सगळा जळफळाट आपल्यापाशीच ठेवावा लागतो.

त्यात आणखी भर पडली. गावातल्या मोठ्या रुग्णालयाचा भाजलेल्या रुग्णांच्या विभागातले डॉक्टर प्रमुखबाईंकडे आले. भाजलेल्या जखमांत जंतू फार, औषधं निकामी होत चाललेली, तर तुमचं एखादं पेप्टाइड आमच्याकडच्या जखमेच्या पाण्यात तपासून बघू या, असं त्यांचं म्हणणं. एखादं. एकच. प्रमुखबाईंनी दोघींना खोलीत बोलावून सरळ सांगितलं. दोन्ही पेप्टाइडांची समोरासमोर तुलना करायची. जे सरस ते पुढं जाईल, दुसऱ्याचं काम बंद. धाकटीची जागा तात्पुरती असल्यानं तिचं काम बंद म्हणजे तिची जागाही बंद, हेही त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"ब्रॉथ कुठला घ्यायचा, जंतू किती सोडायचे, ते तुम्ही ठरवा," त्या थोरलीला म्हणाल्या. "अनुभव तुमचा. प्लेटांचा निकाल वाचायला चष्मेवाल्याला बसवू, म्हणजे कुणाची बाजू नको."

आता थोरलीच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. हिचं पेप्टाइड चालतं ते उगीचच. तयार ब्रॉथच्या त्या खोक्यात कमी क्षार असणार. शरीराइतके, किंवा त्याच्या दुप्पट घातले की हिचंही माझ्यासारखंच होईल. मग कळेल बाईसाहेबांना! आणि हे आधी स्वतः बघून घ्यायचं, असं तिनं ठरवलं. धाकटी माहेरी गेली होती त्या सुट्टीच्या दिवशी भर दुपारी थोरली प्रयोगशाळेत गेली. थंड कपाटातून धाकटीच्या नळीतलं थोडं पेप्टाइड तिनं घेतलं. न विचारता. आजवर तिनं कुणाची टाचणीसुद्धा न विचारता घेतली नव्हती.

तिनं दोन ब्रॉथ तयार केले. एकात भरपूर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. दुसऱ्यातले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांतून गाळून काढलेले, जवळजवळ निर्मळ. दोन्हीत धाकटीचं पेप्टाइड, दोन्हीत तेच जंतू. प्लेट कपाटात ठेवताना तिला पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन तिनं प्लेट काढली. क्षार भरलेले खळगे गढूळ असणार, हे तिनं मनाशी धरलंच होतं.

क्षार भरलेले खळगे आरपार नितळ होते. निर्मळ ब्रॉथमधले जंतू मात्र खुशाल माजले होते.

तिनं प्लेट उलटी धरली, सुलटी धरली, खळग्यांची ओळख पुन्हा तपासली. चूक होणं शक्य नव्हतं. ती तराजू होती. मग ती स्टुलावर बसली आणि तिला सगळं कळलं, अगदी लख्ख. पेप्टाइड ऋण, जंतू ऋण. दोघं एकमेकांना ढकलणार. पण मध्ये धन भाराचं कॅल्शियम आलं की ते दोघांनाही धरतं. जे आयन तिच्या पेप्टाइडला वर्षानुवर्षं दारातून हाकलत होते तेच धाकटीच्या पेप्टाइडला हात धरून आत नेत होते. जखमेच्या पाण्यात कॅल्शियम मुबलक असतं. म्हणजे हे तिथं चालणार. नुसतं चालणार नाही, तिथंच सगळ्यांत चांगलं चालणार. जगात असली पेप्टाइडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं एक ह्या दूध तपासणाऱ्या पोरीच्या हातात आलं होतं, आणि तिला ते माहीतही नव्हतं.

थोरलीनं प्लेट उकळून निर्जंतुक केली आणि फेकून दिली. तिला रडू येत होतं. माझं का नाही, असं तिला वाटत होतं. दुसरं काही वाटत नव्हतं.

त्याच आठवड्यात धाकटी तिच्या टेबलापाशी आली. कोपरं टेबलावर टेकून, हनुवटी तळहातावर ठेवून उभी राहिली, घरी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी राहायची तशी.

"ताई, तुलनेला ब्रॉथ कुठला घ्यायचा गं? मला त्यातलं काही कळत नाही. तू म्हणशील तो."

थोरली काट्यावर काहीतरी तोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"क्षार काढलेला घेऊ," ती म्हणाली. "म्हणजे मधे लुडबुड नको. दोघींना सारखंच."

"चालेल," धाकटी म्हणाली आणि गेली.

प्रमुखबाईंनी विचारलं होतं, "पण जखमेत तर क्षार असतीलच ना?" त्यावर थोरलीनं सांगितलं, "ते पुढच्या पायरीला बघता येईल, मॅडम. आधी मूळ ताकद बघू." ह्यात खोटं काहीच नव्हतं. कितीतरी लोक अशीच सुरुवात करतात. कुणी कधी बोट ठेवू शकलं नसतं. आणि तेच तर वाईट होतं. उघड खोटं बोलायलाही एक हिंमत लागते. थोरलीनं ती खर्च केली नाही.

तुलनेचा निकाल तुम्हाला कळलाच असेल. चष्म्याची काच पुसून पुसून चष्मेवाल्यानं प्लेटा वाचल्या. थोरलीचे सगळे खळगे नितळ. धाकटीचे सगळे गढूळ. "असं कसं?" तो दोनदा म्हणाला. धाकटीनं तिसऱ्यांदा बघितलं आणि मग हसायचा प्रयत्न केला. लोक थोरलीभोवती जमले. इतक्या वर्षांनी तिचं कौतुक झालं, आणि ते चक्क गोड लागलं! हे लपवण्यात अर्थ नाही. संध्याकाळी घरी परतताना तिला कळही आली नाही.

धाकटी मात्र मनाची पक्की निघाली. रडत बसली नाही. दुसऱ्या एका गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायची जागा तिनं शोधली. तिचा नवराही तिकडेच बदली मागणार होता. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "सगळं घर विस्कटलं गं." धाकटी म्हणाली, "आई, ताईनं वेळेत नीट तपासायला लावलं म्हणून बरं. नाहीतर मी खोट्या आशेवर वर्षं घालवली असती." थोरली ताटाकडे बघत बसली होती.

मग रुग्णालयातून जखमेचं पाणी आलं, छोट्या थंड बाटल्यांत. थोरलीनं आपलं पेप्टाइड त्यात घातलं, जंतू सोडले. काय होणार हे प्रयोगशाळेत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळे खळगे दुधासारखे पांढरे. तिनं पेप्टाइड दुप्पट केलं. पांढरे. चौपट केलं. पांढरेच. मत्सराच्या भरात तिनं ज्या पायरीवरून धाकटीला खाली ढकललं होतं, त्याच्या पुढच्या पायरीवर तिला स्वतःला उभं राहता येत नव्हतं.

प्रमुखबाईंना तिनं सांगितलं, "अजून थोडा वेळ द्या." चष्मेवाला आपल्या टेबलावरून बघत असायचा. आणि सगळ्यांत असह्य म्हणजे, धाकटी मदतीला आली. तिचे प्रयोगशाळेतले शेवटचे दिवस उरले होते, तिचं काम बंद होतं. तरी ती स्टूल ओढून थोरलीच्या शेजारी बसली.

"क्षारांचाच घोळ असणार, ताई. आपण पाण्यातलं कॅल्शियम थोडं थोडं कमी करत बघू या का? म्हणजे कुठून अडतंय ते कळेल. मी भरते खळगे, तू सांग."

दोघी दुपारभर बसल्या. धाकटीचा हात आता चांगला बसला होता. एक थेंब इकडचा तिकडे नाही. हे सगळं मीच शिकवलं, असं थोरलीच्या मनात आलं आणि त्यातही तिला मत्सर वाटला, आपलंच कसब दुसऱ्याच्या हातात बघून. प्लेट भरत आली. शेवटच्या ओळीत नुसतं जखमेचं मूळ पाणी होतं, पेप्टाइडची जागा रिकामी होती.

"माझं उरलेलं आहे थोडं," धाकटी म्हणाली. "फेकायचंच आहे. ह्या ओळीत टाकून देऊ का? निदान रिकामी नको."

"नको!"

हे थोरली इतक्या मोठ्यानं म्हणाली की चष्मेवाल्यानं मागं वळून बघितलं.

धाकटीचा हात प्लेटवर तसाच थांबला. "का गं?"

"नको म्हणजे... उगाच कशाला."

"उगाच कशाला म्हणजे? फेकायचंच तर आहे." धाकटी आता तिच्याकडे बघत होती. पहिल्यांदाच ती थोरलीकडे, एखाद्या न जुळणाऱ्या आकड्याकडे बघावं तशी बघत होती. "ताई, ह्यात काय होणार आहे?"

थोरलीला खोटं सुचलं असतं. तिला दहा कारणं सुचली असती. पण तिला त्या बघण्यासमोर एकही तोंडाबाहेर काढता येईना.

"ह्यात ते चालेल," ती म्हणाली. "तुझं पेप्टाइड कॅल्शियमशिवाय चालत नाही. कॅल्शियम असलं की चालतं."

"तुला कधीपासून माहीत?"

"तुलनेच्या आधीपासून. मी तुझ्या नळीतलं घेऊन बघितलं होतं."

धाकटीनं प्लेट बाजूला सरकवली. कपाटाची मोटर घरघरत होती. मग तिनं विचारलं, "का?" तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. ब्रॉथ कसा करायचा ते विचारायची तशीच.

"मला बघवत नव्हतं," थोरली म्हणाली. "तुझं चांगलं झालेलं मला बघवत नव्हतं. आताही बघवणार नाही."

धाकटीनं मान हलवली. कळलं, अशा अर्थानं. मग उठून तिनं थंड कपाटातून आपली नळी आणली आणि शेवटची ओळ भरली. दुसऱ्या दिवशी त्या एका ओळीतले खळगे नितळ होते. बाकीची प्लेट, जिथं जिथं कॅल्शियम होतं तिथं, पांढरी.

धाकटीनं थोरलीचं नाव कुठंही घेतलं नाही. प्रमुखबाईंना तिनं एवढंच सांगितलं की तुलनेचा ब्रॉथ ह्या पेप्टाइडला योग्य नव्हता, जखमेच्या पाण्यात हे असं दिसतं. प्रमुखबाईंनी प्लेट बघितली, थोरलीकडे एकदा बघितलं, आणि रुग्णालयाला फोन लावला. धाकटीचं पेप्टाइड पुढं गेलं. तिची जागा कायम झाली. शाळेला तिनं नकार कळवला. सासूबाईंनी सगळ्यांना गोड खायला घातलं, आणि घर पुन्हा जागच्या जागी आलं, असं त्यांना वाटलं.

थोरलीला वाटलं होतं की धाकटी भांडेल, बोलणं टाकेल, निदान सकाळी वेगळी जाईल. तिनं त्याची तयारी केली होती. तसं काहीच झालं नाही. धाकटी रोज खाली येऊन हाक मारते, "ताई, निघायचं ना?" रस्त्यात बोलते. सासूबाईंच्या गुडघ्यांचं, घरातल्या गळक्या नळाचं, भाज्यांच्या भावाचं. रविवारी थोरलीच्या हातचं सूप दोनदा मागून घेते. प्रयोगशाळेत आपल्या टेबलावर जाते.

परवाची गोष्ट. धाकटीला जखमेच्या पाण्यासारखा ब्रॉथ प्रयोगशाळेतच तयार करायचा होता, म्हणजे रुग्णालयाच्या बाटल्यांवर अवलंबून राहायला नको. हे काम फार नाजूक. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं प्रमाण चुकलं की सगळा आठवडा वाया. उभ्या प्रयोगशाळेत हे एकाच बाईला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. ती बाई हाताच्या अंतरावर बसली होती, पुढं काम नव्हतं, कान धाकटीकडे लागलेले होते.

धाकटी ब्रॉथचं खोकं हातात घेऊन थोडी घुटमळली. मग थोरलीच्या टेबलावरून पुढं गेली.

"अरे, मॅग्नेशियम ह्यात किती घालू?" तिनं चष्मेवाल्याला विचारलं.

चष्मेवाल्यानं डोकं खाजवलं. "अं... घाल ना अंदाजानं. जरा जास्तच घाल."

चूक होतं ते. साफ चूक. थोरलीनं तोंड उघडलं आणि मिटलं. धाकटी कोपरं त्याच्या टेबलावर टेकून, हनुवटी तळहातावर ठेवून उभी होती, आणि तो जे काही सांगत होता ते लक्ष देऊन ऐकत होती. थोरलीच्या डाव्या बरगडीखाली कळ उठली. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या अडाणी, अंदाजपंचे चष्मेवाल्याचा मत्सर वाटला, आणि आजवरच्या सगळ्या कळांपेक्षा ती जास्त दुखली.